संत, मंत्री आणि सही



आज मी एका लहान देशाविषयी बोलणार आहे. सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रात, माल्टा आणि गोझो ही दोन वस्तीची बेटे आहेत. सगळे मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहूनही कमी. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ५ लाख १९ हजार. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात याच्या तिप्पट मतदार सहज असतात. तरी हा देश १९६४ पासून स्वतंत्र आहे, १९७४ पासून प्रजासत्ताक आहे आणि २००४ पासून युरोपीय संघाचा सभासद आहे. तिथली भाषा अरबीच्या कुळातली, लिपी रोमन आणि धर्म कॅथलिक. चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेला माल्टी माणूस देवाला ‘अल्ला’ म्हणूनच हाक मारतो.

इतका लहान देश मी मुद्दाम निवडला. राजकीय कृपाछत्र, वशिला, शब्द टाकणे, काम करून देणे या गोष्टींवर आपण बोलतो तेव्हा मोठ्या देशाच्या पसाऱ्यात मधले दुवे हरवतात. वर मंत्री दिसतो, खाली अर्जदार दिसतो. मध्ये काय घडले ते कळत नाही. माल्टात हा सगळा व्यवहार एका गावातून दुसऱ्या गावात चालत जाता येईल एवढ्या अंतरात घडतो, त्यामुळे तो पुरता पाहता येतो. शिवाय एक समज तिथे तपासून घेता येतो. शिक्षण वाढले, कारखाने आले, मतदानाचा हक्क मिळाला, लोकांच्या हातात पैसा आला की वशिला आपोआप मागे पडतो, असा तो समज. आधुनिकतेवर विश्वास असलेल्या अनेकांनी तो मनापासून बाळगला. माल्टात हे सगळे गेल्या साठ वर्षांत घडले. मग वशिल्याचे काय झाले?

सुरुवात किरकॉप या गावापासून करू. जेरेमी बॉइसव्हेन हे मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या सुमारास कुटुंबासह या गावात राहायला गेले. तेव्हा गावाची वस्ती जेमतेम बाराशे. त्यांनी पुस्तकात गावाचे नाव बदलून ‘हाल फारुग’ केले. या बाराशे लोकांच्या गावात वाद्यवृंदांची दोन मंडळे होती. एक गावाचा मूळ संत लिओनार्ड याचे, दुसरे संत जोसेफचे. प्रत्येकाची स्वतंत्र जागा, स्वतंत्र वर्गणी, स्वतंत्र बँड. उत्सवात कुणाची मिरवणूक मोठी, कुणाचे फटाके जोरात, कुणाच्या खांबांवरची पताकांची रांग लांब, यावर वर्षभर चढाओढ चाले. घरे वाटलेली असत. लग्न ठरवतानाही समोरची सोयरीक कुठल्या संताची आहे हे पाहिले जाई. माल्टाच्या बऱ्याच गावांत अशीच दोन तट पडलेली मंडळे आहेत. देशात पुढे दोन पक्षांची जी कडवी विभागणी झाली, तिच्यासाठी लोकांना नवे काही शिकावे लागले नाही. आपला आणि त्यांचा असे गाव दुभंगून ठेवण्याची सवय आधीपासूनच होती.

आता या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा गोदी कामगाराला सरकारकडे काम पडले तर तो कुठे जात असे? ग्रामपंचायतीसारखी संस्था माल्टात नव्हती. स्थानिक मंडळे तिथे कायद्याने आली ती १९९३ मध्ये. त्याआधी गावाच्या वतीने बोलणारा अधिकृत माणूसच नव्हता. ती जागा आपोआप पाद्रीबाबांकडे गेली. पत्र लिहून घेणे, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकणे, रस्ता दुरुस्त व्हावा म्हणून राजधानी वॅलेटात जाऊन अधिकाऱ्याला भेटणे, ही सगळी कामे पाद्रीबाबा करत. त्यांच्या बरोबरीने डॉक्टर, वकील आणि नोटरी. कारण साधे आहे. ही चार माणसे शिकलेली होती, वरच्या वर्तुळात त्यांची ओळख होती आणि सत्तेची भाषा त्यांना येत होती. आधी ती भाषा इटालियन होती, मग इंग्रजी झाली. माल्टीला अधिकृत दर्जा मिळाला १९३४ मध्ये. ज्याच्या घरी मायबोलीखेरीज काही बोलले जात नाही त्याला कचेरीत मध्यस्थ लागणारच.

माल्टी भाषेत म्हण आहे की संतांवाचून स्वर्गात जाता येत नाही, आणि लोक ती सरकारी कामांच्या संदर्भात वापरतात. बॉइसव्हेन यांनी यातला सारखेपणा नीट पकडला. देव दूर आहे, म्हणून त्याच्या जवळच्या संताला साकडे घालायचे. गव्हर्नर दूर आहे, म्हणून वकीलसाहेबांना घालायचे. नवस फेडायचा तशीच मदतीची परतफेड करायची. त्यांनी आणखी एक भेद केला, तो पुढे उपयोगी पडेल. ज्याच्या स्वतःच्या हातात जमीन, नोकरी किंवा पैसा आहे तो आश्रयदाता. ज्याच्या हातात फक्त ओळखी आहेत, जो तुम्हाला त्या आश्रयदात्यापर्यंत पोचवतो, तो मध्यस्थ. किरकॉपच्या पाद्रीबाबांकडे वाटायला नोकऱ्या नव्हत्या. ते मध्यस्थ होते. खरा मालक होता ब्रिटिश आरमाराचा गोदीवाडा आणि वसाहतीचे सरकार.

या ब्रिटिश काळाशी आपला एक दूरचा धागा आहे. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवण्यासाठी डिझरायलीच्या सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टात आणून उतरवले. त्यांची जहाजे सुटली होती मुंबईहून आणि त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. साम्राज्याच्या हिशेबात माल्टा म्हणजे एक बंदर, एक दुरुस्तीचा कारखाना आणि एक छावणी. संपूर्ण बेटाची चूल त्या छावणीच्या खर्चावर पेटत होती. युद्ध असले की काम असे. शांतता आली की कामगार घरी बसत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत लाखाहून अधिक माल्टी माणसे देश सोडून गेली, बरीचशी ऑस्ट्रेलियात.

या सगळ्याविरुद्ध जो माणूस उभा राहिला तो डॉम मिंटॉफ. त्याचा जन्म १९१६ मध्ये गोदीवाड्याला लागून असलेल्या कोस्पिकुआचा. वडील आरमारात स्वयंपाकी. तो वास्तुविशारद झाला, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला, परत आला आणि मजूर पक्षाचा नेता झाला. त्याचे म्हणणे असे होते की पाद्री आणि वकील यांच्या उंबरठ्यावर माल्टी कामगाराने उभे राहू नये. घर, औषधपाणी, पेन्शन हे त्याला राज्याकडून मिळाले पाहिजे. हे म्हणणे मला आजही योग्य वाटते. पुढे मी मिंटॉफच्या राजवटीबद्दल कठोर बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

चर्चने या आव्हानाला जे उत्तर दिले ते युरोपच्या विसाव्या शतकाच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले पाहिजे. १९६१ मध्ये आर्चबिशप मायकल गोन्झी यांनी मजूर पक्षाच्या कार्यकारिणीवर धार्मिक बहिष्कार घातला. पक्षाचे वृत्तपत्र वाचणे, विकणे, त्यात जाहिरात देणे हे महापाप ठरले. पापाची कबुली द्यायला गेलेल्या माणसाला कुणाला मत देणार ते विचारले जाई आणि उत्तर चुकीचे आले तर क्षमा नाकारली जाई. मजूर पक्षाच्या जोडप्यांची लग्ने मुख्य वेदीसमोर न लावता आतल्या खोलीत उरकली जात. पक्षाची सभा सुरू झाली की वक्त्याचा आवाज बुडवायला चर्चच्या घंटा वाजत. जुझे एलुल मर्सर हे पक्षाचे उपनेते आणि माल्टी भाषेतले एक महत्त्वाचे कादंबरीकार. १९६१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना अॅडोलोराटा दफनभूमीच्या पवित्र न केलेल्या कोपऱ्यात पुरण्यात आले. त्या जागेला लोक उकिरडा म्हणत. ज्या समाजात चांगले मरण ही आयुष्यभराची चिंता असते, तिथे मृताला उकिरड्यावर ठेवणे ही सर्वांत मोठी शिक्षा होती. कृपाछत्राला दुसरी बाजू असते ती ही. जो छत्र धरतो तो ते काढूनही घेऊ शकतो, आणि कुणाच्या डोक्यावरून काढायचे हे तोच ठरवतो.

१९६२ ची निवडणूक मजूर पक्ष हरला. नॅशनलिस्ट पक्षाचे जॉर्ज बोर्ग ऑलिव्हिए पंतप्रधान झाले. व्यवसायाने ते नोटरी होते. त्यांच्या काळात स्वातंत्र्य आले. १९६९ मध्ये चर्च आणि मजूर पक्ष यांच्यात समेट झाला आणि १९७१ मध्ये मिंटॉफ सत्तेवर आला.

त्यानंतरची काही वर्षे माल्टाच्या आधुनिकीकरणाची खरी वर्षे आहेत. ब्रिटिशांशी भांडून त्याने १९७२ मध्ये लष्करी तळाचे भाडे वर्षाला १ कोटी ४० लाख पौंडांपर्यंत वाढवून घेतले आणि ३१ मार्च १९७९ ला तळच बंद झाला. किमान वेतन आले, मुलांसाठी भत्ता आला, निवृत्तिवेतन पगाराच्या दोन-तृतीयांशाला जोडले गेले, १९७५ मध्ये नोंदणी विवाह कायदेशीर झाला. सरकारी घरे उभी राहिली, राष्ट्रीय विमान कंपनी निघाली, कापडाचे कारखाने आले. किरकॉपच्या कामगाराच्या मुलीला पहिल्यांदा पगाराची नोकरी मिळाली. बॉइसव्हेन यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या निबंधात म्हटले की संतांचे दिवस संपत आले आहेत. लोक शिकले, कमावू लागले, चर्चनेही देवाशी थेट बोलायला सांगितले, तेव्हा मध्यस्थाची गरज उरली नाही.

पाद्रीबाबांपुरते ते बरोबर निघाले, आणि पुढच्या काळाने त्यावर शिक्कामोर्तबच केले. २०११ मध्ये सार्वमत होऊन घटस्फोट कायदेशीर झाला, २०१७ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. मतपेटीवरची चर्चची पकड गेली. पण गुंता दुसरीकडे वाढत होता.

मिंटॉफच्या राज्याने वाटायच्या गोष्टी प्रचंड वाढवल्या आणि त्या कुणाला द्यायच्या हे मंत्र्याच्या मर्जीवर ठेवले. सरकारी घर कुणाला, भूखंड कुणाला, बांधकामाची परवानगी कुणाला, सरकारी नोकरी कुणाला. बेकारांसाठी राज्याने कामगार तुकड्या काढल्या. तिथे शिरण्याचा रस्ता पक्षाच्या कचेरीतून जात असे. १९७८ मध्ये सर्वांत मोठी कामगार संघटना कायदेशीरपणे मजूर पक्षात विलीन झाली, म्हणजे कामगाराची बाजू मांडणारा आणि नोकरी देणारा एकच झाला. देशी उद्योग वाचवण्यासाठी आयातीवर बंधने आली. रंगीत टेलिव्हिजन संच, टेलिफोनची जोडणी, चॉकलेटपासून टूथपेस्टपर्यंत साध्या वस्तू, या सगळ्यांना परवाना, रांग किंवा ओळख लागू लागली. बॉइसव्हेन यांचा भेद इथे आठवा. पूर्वी गावात मध्यस्थ होते आणि आश्रयदाता परका, समुद्रापलीकडचा होता. आता आश्रयदाता आपलाच, शेजारच्या गल्लीतला, आणि त्याच्या हातात सगळ्या वस्तू.

विद्यापीठाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९७८ मध्ये मिंटॉफ सरकारने विद्यार्थी-कामगार योजना आणली. वर्षातले काही महिने शिक्षण, काही महिने काम. कल्पना चांगली होती. श्रम आणि ज्ञान यांतली दरी बुजावी, गरिबाच्या मुलाला शिकताना पगार मिळावा. पण प्रवेशासाठी पुरस्कर्ता मालक असणे आवश्यक ठरले. म्हणजे परीक्षेत कितीही गुण असले तरी कुणीतरी तुम्हाला ‘आपले’ म्हणायला हवे. कला आणि विज्ञान या शाखांना त्या पुनर्रचनेत काही काळ टाळेच लागले. वकिलाच्या दारातून सुटलेल्या कामगाराच्या मुलाला शिकण्यासाठी पुन्हा एक दार शोधावे लागले, आणि तेही समतेच्या नावाने चाललेल्या राज्यात. या गोष्टीची मला आजही खंत वाटते, कारण मिंटॉफला हे टाळता आले असते.

१९८१ च्या निवडणुकीत नॅशनलिस्ट पक्षाला ५०.९ टक्के मते मिळाली, पण ६५ पैकी ३४ जागा मजूर पक्षाला. पुढची पाच-सहा वर्षे रस्त्यावरच्या मारामाऱ्यांची, बॉम्बची, पोलीस कोठडीतल्या मारहाणीची गेली. डिसेंबर १९८६ मध्ये गुड्या गावातल्या नॅशनलिस्ट पक्षाच्या क्लबवर गोळीबार होऊन आत बसलेला एक तरुण ठार झाला. सत्ता बदलली तर आपली नोकरी, आपला भूखंड, आपली बढती जाईल अशी भीती बाळगणारी हजारो कुटुंबे एका बाजूला, आणि इतकी वर्षे आपल्याला काही मिळाले नाही म्हणून जळणारी तितकीच दुसऱ्या बाजूला. निवडणूक इतकी कडवट का होते याचे उत्तर स्वभावात शोधू नये. रोजची भाकरी जिथे पक्षावर अवलंबून असते तिथे मतमोजणी ही जगण्यामरण्याची गोष्ट होते. १९८७ मध्ये मतदानाच्या तोंडावर सरकारने हजारो लोकांना सरकारी नोकरीत भरून घेतले. तरी मजूर पक्ष हरला.

मतमोजणीचा विषय निघालाच आहे तर नाशार गावातल्या मतमोजणीच्या दालनात थोडे थांबू. माल्टात १९२१ पासून पसंतीक्रमाची पद्धत आहे. तेरा मतदारसंघ, प्रत्येकी पाच जागा. मतदार आपल्याच पक्षाच्या आठ-दहा उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतो. मोजणी हाताने होत असे तेव्हा मतपत्रिका लांब टेबलांवर उलगडल्या जात, टेबलांपुढे पारदर्शक प्लास्टिकची भिंत आणि तिला नाक लावून दोन्ही पक्षांचे शेकडो कार्यकर्ते. आतला कर्मचारी एकेक मतपत्रिका उचलून दाखवायचा. बाहेरचा कार्यकर्ता पहिली पसंती कुठल्या पक्षाला आहे ते पाहून हातातल्या कागदावर खूण करायचा. काही चुकले असे वाटले की तळहातांनी भिंत बडवली जायची. या खुणांच्या बेरजेवरून अधिकृत निकालाच्या कितीतरी तास आधी पक्षांना निकाल कळायचा. भिंत बडवण्याचा आवाज एका बाजूला वाढला की रेडिओवर ऐकणाऱ्या लोकांना कौल समजायचा आणि गाड्यांचे भोंगे सुरू व्हायचे. २०१९ पासून मतपत्रिका यंत्राने वाचल्या जातात.

या पद्धतीचा वशिल्याशी थेट संबंध आहे. एका मतदारसंघात सुमारे सत्तावीस हजार मतदार. निवडून यायला साधारण चार हजार मते. उमेदवाराची खरी लढत विरोधी पक्षाशी नसते, स्वतःच्याच पक्षातल्या सहकाऱ्यांशी असते. धोरण दोघांचे एकच, मग मतदाराने याला एक नंबर का द्यावा आणि त्याला तीन का? तर याने माझ्या आईची शस्त्रक्रिया लवकर करवून दिली म्हणून. चार मतांचे एक घर उमेदवाराच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. म्हणून निवडणुकीआधी उमेदवार घरोघर जातात, बसतात, कॉफी घेतात आणि घराचे गाऱ्हाणे वहीत लिहून घेतात. दोन पक्षांतल्या देशभरच्या मतांचे अंतरही पूर्वी फार थोडे असायचे. २००८ मध्ये सत्ता कुणाची हे १,५८० मतांनी ठरले. एवढ्याशा फरकावर जिथे पाच वर्षांचे राज्य मिळते तिथे कुठलाही पक्ष एका घराला नाही म्हणू शकत नाही. मतदान नव्वद टक्क्यांच्या वर असायचे. २०२२ मध्ये ते ८५.६ टक्क्यांवर आले तर देशाला धक्का बसला.

संसदेत बसतात कोण, हेही पाहा. वकील, डॉक्टर, नोटरी, वास्तुविशारद. पाद्रीबाबा सोडले तर किरकॉपचे जुने मध्यस्थच आता कायदे करतात. डॉक्टर उमेदवाराला मते चांगली पडतात, कारण त्याच्या दवाखान्यात अर्धे मतदार येऊन गेलेले असतात.

१९८७ नंतर एडी फेनेक अदामी यांच्या नॅशनलिस्ट सरकारने बरेच बदलले. आयातीची बंधने उठली आणि टेलिव्हिजन संचासाठी मंत्र्याला भेटण्याची पाळी संपली. विद्यापीठ सर्वांना खुले झाले. बांधकाम परवान्यांसाठी १९९२ मध्ये नियोजन प्राधिकरणाचा कायदा आला. १९९३ मध्ये स्थानिक मंडळे, १९९५ मध्ये लोकपाल. २००३ च्या सार्वमतात जवळपास ५४ टक्के लोकांनी युरोपीय संघाच्या बाजूने मत दिले. त्यांच्यातल्या पुष्कळांची आशा अशी होती की ब्रसेल्सचे नियम आले की घरच्या मंत्र्याचा हात आखूड होईल.

तो काही बाबतींत झाला. पण गोझोसाठी १९८७ मध्ये वेगळे मंत्रालय निघाले आणि त्या बेटावर सरकारी नोकरी हा आजही अनेक घरांचा पहिला विचार असतो. प्रत्येक मंत्र्याच्या खासगी कार्यालयात ‘कस्टमर केअर’ कक्ष असतो आणि तिथे आपल्या मतदारसंघातल्या लोकांची कामे मार्गी लावली जातात. भरतीची जाहिरात न देता ‘विश्वासातली माणसे’ म्हणून थेट नेमण्याची पद्धत वाढली. २०१८ मध्ये युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने तिच्यावर टीका केली. २०२२ मध्ये मार्चच्या निवडणुकीला थोडे दिवस असताना नोकरदारांना १०० आणि निवृत्तांना २०० युरोचे धनादेश टपालाने घरोघर पोचले. २०२३ मध्ये वाहन परवान्याच्या परीक्षेचे प्रकरण उघड झाले. मंत्र्यांच्या कार्यालयांतली माणसे परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याला संदेश पाठवून अमक्याला सांभाळून घ्या असे कळवत होती. पंतप्रधान रॉबर्ट अबेला यांनी लोकांना मदत करणे हे राजकारण्याचे कामच आहे अशी बाजू घेतली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट बाहेर आली. शेकडो धडधाकट लोकांना खोट्या वैद्यकीय कागदांवर गंभीर अपंगत्वाचा भत्ता मिळत होता, आणि त्यात आरोपी म्हणून नाव आले एका माजी खासदाराचे. तो पेशाने डॉक्टर.

मी गरजू माणसाला दोष देत नाही. रुग्णालयाच्या रांगेत आई असलेल्या मुलाला दार ठोठावल्यावर तारीख मिळणार असेल तर तो दार ठोठावणारच. मंत्र्यांनाही सरसकट लबाड म्हणून काही समजत नाही. त्यांतले अनेक खरोखर कष्टाळू आणि मतदारांची नावे, आजार, मुलांची शिक्षणे लक्षात ठेवणारे आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. माल्टात वशिला कुठून गेला आणि कुठे टिकला?

मुलांचा भत्ता मिळवायला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. मूल जन्मले, नोंद झाली, पैसे आले. विद्यापीठातल्या सर्व विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या विद्यावेतनाचेही तसेच. निवृत्तिवेतनाचे सूत्र कायद्यात लिहिलेले आहे. टेलिव्हिजन संच बाजारात मिळतो. या सर्व ठिकाणी वशिला नाहीसा झाला आणि लोकांचा स्वभाव बदलण्याची वाट पाहावी लागली नाही. उलट बांधकामाची परवानगी, सरकारी नेमणूक, बदली, सरकारी जमिनीचा पट्टा, शस्त्रक्रियेची तारीख, या ठिकाणी कुणाच्या तरी सहीला हो किंवा नाही म्हणण्याची मोकळीक आहे. तिथे तो टिकला, आणि देश श्रीमंत होत गेला तसा वाढलाही. १९६० मध्ये एका खडकाळ शेताला किंमत नव्हती. आज तिथे चार मजले चढवण्याची परवानगी मिळाली तर कुटुंबाच्या तीन पिढ्यांची सोय होते. सहीची किंमत जितकी वाढेल तितकी तिच्यासमोरची रांग वाढते. आधुनिकीकरणाने वशिला मारला नाही, कारण त्याने सह्या कमी केल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी त्या वाढवल्याच. ज्या थोड्या ठिकाणी सहीच काढून टाकली तिथे माणूस मोकळा झाला. मिंटॉफचे मोठेपण आणि मिंटॉफचा अपराध ही दोन्ही मी याच मोजमापाने ठरवतो. पेन्शनचे सूत्र त्याने कायद्यात लिहिले, आणि भूखंड मंत्र्याच्या टेबलावर ठेवले.

हक्काची वस्तू उपकार म्हणून मिळाली की तिची किंमत कृतज्ञतेने चुकवावी लागते. ज्याने दिले त्याच्याबद्दल वाईट बोलता येत नाही. बोलणाऱ्याला आपणच गप्प करतो, कारण त्याच्या बोलण्याने आपले काम अडेल. २०१४ पासून माल्टाने आपले नागरिकत्वच साडेसहा लाख युरोच्या योगदानावर परदेशी श्रीमंतांना द्यायला सुरुवात केली. सरकारी तिजोरी भरली आणि देशातल्या बहुसंख्यांनी त्या पैशाकडे विकास म्हणून पाहिले. युरोपीय न्यायालयाने ही पद्धत कायद्याविरुद्ध ठरवली ती एप्रिल २०२५ मध्ये. तोवर या आणि अशा व्यवहारांवर सातत्याने लिहिणारी पत्रकार डाफ्ने कारुआना गालित्सिया हिला १६ ऑक्टोबर २०१७ रोजी तिच्या घराजवळ गाडीत बॉम्ब ठेवून मारण्यात आले होते. हत्येआधी कितीतरी वर्षे गावोगाव तिची निंदा चालली होती, आणि निंदा करणारे बहुतेक साधे, कष्टकरी, आपल्या पक्षाचे उपकार मानणारे लोक होते. न्यायाधीशांच्या सार्वजनिक चौकशीने जुलै २०२१ मध्ये अहवाल दिला. हत्येची जबाबदारी राज्याला घ्यावी लागेल, कारण काहीही केले तरी चालते असे वातावरण राज्याच्या वरच्या वर्तुळातून खाली पसरले होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, पंतप्रधान जोसेफ मस्कट यांना लोकांच्या निदर्शनांपुढे पद सोडावे लागले होते. निदर्शने करणाऱ्यांत दोन्ही पक्षांच्या घरांतली तरुण मुले होती. न्यायाधीशांच्या नेमणुकीत पंतप्रधानाची मर्जी कमी करणारे बदल त्यानंतरच्या महिन्यांत झाले. एक महत्त्वाची सही तिथे निघाली.

आणि आता एक नवा समाज माल्टात उभा राहतो आहे, त्याच्याबद्दल बोलून थांबतो. २०११ मध्ये लोकसंख्या ४ लाख १७ हजार होती. दहा वर्षांत एक लाखाने वाढली ती प्रामुख्याने बाहेरून आलेल्या माणसांनी. आज पाचांतला एकाहून अधिक रहिवासी परदेशी आहे आणि त्यांत भारतीयांचा गट मोठा आहे. वॅलेटात सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने एकोणिसाव्या शतकापासून होती. आता आलेली माणसे वेगळी आहेत. रुग्णालयात परिचारिका, वृद्धाश्रमात काळजीवाहक, बस आणि टॅक्सी चालवणारे, मोटारसायकलवरून जेवण पोचवणारे, बांधकामावरचे मजूर. यांना संसदेसाठी मत नाही. उमेदवार त्यांच्या खोलीवर कॉफी प्यायला येत नाही, त्यांचे गाऱ्हाणे वहीत उतरत नाही. माल्टी माणसाला निदान आपला मंत्री असतो. यांना फक्त मालक असतो, कारण राहण्याचा आणि कामाचा परवाना एकत्र आहे आणि तो मालकाशी बांधलेला आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला त्यांना दहा दिवस मिळत. दहा दिवसांत परक्या देशात नोकरी शोधायची म्हणजे आहे त्या मालकाचे सगळे ऐकायचे, पगार उशिरा आला तरी, खोलीत आठ जण कोंबले तरी. २०२५ च्या नव्या धोरणात ही मुदत तीस दिवसांची झाली. कुणा मंत्र्याने कुणा एकाला मेहेरबानी म्हणून दिलेले हे वीस जादा दिवस नाहीत. ते नियमात लिहिलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.